रॉकेलचा डबा उतरवताना

कडाक्याच्या थंडीत डिझेल जमू न देणं ही ड्रायव्हरच्या कसबाची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. टाकीत रॉकेल किती घालायचं, रात्री गाडी कुठल्या अंगाला उभी करायची, पहाटे फिल्टर कसा शेकायचा, हे ज्याला येतं त्याची गाडी निघते; ज्याला येत नाही तो ऊन वर येईपर्यंत हात चोळत बसतो. डिझेल पंप आणि नोझलच्या दुरुस्तीत आयुष्य गेलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक होतं. आमच्या धंद्यात माणसाची किंमत त्याच्या हातावरून होते. हिवाळ्यात लडाखला किंवा स्पितीला जाणारी मंडळी निघण्याआधी नाशिकला माझ्याकडे यायची, आणि मी सांगायचो, पाच लिटर रॉकेलचा डबा बरोबर असू द्या. आज कुणी विचारलं तर डबा घरी ठेवा म्हणतो. मत का बदललं ते नीट सांगावंसं वाटतं, कारण तो सल्ला अजून तोंडोतोंडी फिरतो आहे, आणि ज्या गाड्यांसाठी तो होता त्या आता रस्त्यावर फारशा उरलेल्या नाहीत.

आधी डिझेलचं काय होतं ते पाहू. डिझेल हा एकच एक पदार्थ नसतो. लहानमोठ्या साखळ्यांच्या हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण, आणि त्यातल्या लांब सरळ साखळ्या म्हणजे मेण. हे मेण काही गाळ किंवा भेसळ नव्हे. ते उत्तम जळतं, डिझेलचा सीटेन आकडा, म्हणजे ते किती चटकन पेटतं त्याचं माप, त्याच्याच जोरावर चढतो. पण थंडी पडली की सर्वांत लांब साखळ्या आधी वेगळ्या होऊ लागतात आणि स्वच्छ डिझेल धुरकट दिसतं. पारा आणखी उतरला की मेणाचे पातळ चपटे स्फटिक एकमेकांत अडकत जातात, आणि शेवटी डिझेल वाहायचंच थांबतं. खोबरेलाची बाटली हिवाळ्यात घट्ट झालेली आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे डिझेल जमलं म्हणजे टाकीत तसाच गोळा झाला असेल असं लोकांना वाटतं. गाडी त्याच्या कितीतरी आधी बंद पडते. टाकीतलं डिझेल अजून डचमळत असतं, आणि तिकडे फिल्टरच्या कागदावर मेणाचा थर बसून तो चोक झालेला असतो. त्या कागदाची छिद्रं जेमतेम काही मायक्रॉनची; स्फटिक त्याहून मोठे.

यातून एक फसवा प्रकार घडतो. डिझेल जमलेली गाडी पहाटे सुरू होते. फिल्टरमध्ये आणि लाइनमध्ये होतं तेवढं डिझेल पुरतं, आयडलवर मागणीही थोडी असते. मग चढ लागतो, ॲक्सिलरेटर दाबला जातो, टाकीतलं मेणाळलेलं डिझेल फिल्टरवर येतं आणि पिकअप जातो. वस्ती मागे टाकून दोन-तीन किलोमीटर पुढे गेल्यावर इंजिन गप्प. ड्रायव्हर म्हणतो पंप गेला. पंपाला काहीही झालेलं नसतं.

तेव्हा थंडीतल्या डिझेलला तीन आकडे असतात. ते धुरकट कधी होतं, फिल्टर कधी तुंबतो आणि वाहणं कधी थांबतं. गाडीवाल्याच्या कामाचा आकडा मधला. भारतीय मानक आय.एस. १४६० मध्ये हा मधला आकडा हिवाळ्यासाठी जास्तीत जास्त ६ अंश सेल्सिअस आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश दिलेला आहे. वाहणं थांबण्याचा आकडा हिवाळ्यात ३, उन्हाळ्यात १५. यातला एकही आकडा उणे नाही. आणि या मानकातला हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकी सगळे महिने उन्हाळ्यात धरलेले. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लासलगावहून कांदा भरून उत्तरेला निघालेल्या ट्रकच्या टाकीत जे डिझेल आहे, त्याची कागदावरची हमी १८ अंशांपर्यंतच. पंपावर मिळणारा माल पुष्कळदा मानकाहून बरा असतो हे खरं. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो, वर्तमानपत्रं फोटो छापतात, आणि त्याही सकाळी ट्रॅक्टर सुरू होतात. पण लेहची जानेवारीतली रात्र उणे पंधरा-वीसची असते, आणि द्रासला त्याहून कडक. तिथे कामचलाऊ बरेपणाने भागत नाही.

हे आकडे मला पूर्वीपासून ठाऊक होते. रॉकेलबरोबर त्यांचा हिशेब मात्र मी उशिरा मांडला. रॉकेलच्या साखळ्या आखूड, त्यात मेण नगण्य, म्हणून डिझेलमध्ये ते घातलं की मेण विरळ होतं. ढोबळमानाने दर दहा टक्के रॉकेलमागे फिल्टर तुंबण्याचा बिंदू दोन-तीन अंशांनी खाली जातो. तीस टक्के घातलं तर सहाचा आकडा शून्याच्या जरासा खाली जाईल. उणे वीस गाठायचं तर टाकीत डिझेल नावापुरतंच उरेल. पाच लिटरच्या डब्याने साठ लिटरच्या टाकीला जो फरक पडतो, तो डिसेंबरच्या मनालीला कदाचित पुरेल, केलाँगला नाही. मग त्या डब्यावर इतकी वर्षं लोकांचा विश्वास कसा बसला? मला वाटतं, त्याचं श्रेय बहुतेक वेळा उन्हाला होतं. दहा-अकरा वाजता ऊन चढतं, मेण आपोआप विरघळतं, गाडी सुरू होते, आणि सकाळी जे काही केलेलं असतं त्याला यश मिळतं.

रॉकेलबद्दल आणखी एक गोष्ट मनात होती, आणि नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ती सहज बाजूला सारता येत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या भेसळीवर कारवाई करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आलं. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळून विकण्यात किती पैसा आहे आणि त्या पैशासाठी माणसं कुठवर जातात, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिलं. त्यानंतरही मी डोंगरात जाणाऱ्यांना डबा न्या म्हणतच होतो, आणि मनात दोन कप्पे केलेले होते: इथे रॉकेल मिसळणं गुन्हा, तिथे औषध. मिसळणाऱ्याचा हेतू वेगळा, परिस्थिती वेगळी, हे मी आजही मानतो. पण इंजिनाला हेतू कळत नाही. पंपाच्या प्लंजरला निळं रॉकेल चोराने घातलं की थंडीने गारठलेल्या प्रवाशाने घातलं, सारखंच लागतं.

आणि तो प्लंजर आता पूर्वीचा राहिलेला नाही. जुन्या ट्रकमधल्या इनलाइन पंपाची कॅमशाफ्ट इंजिन ऑइलमध्ये चालायची. त्याने थोडं रॉकेल पचवलं. कॉमन रेल गाडीत दोन हजार बारच्या आसपास दाब तयार करणारा पंप आतून केवळ डिझेलच्या वंगणावर चालतो. त्याच्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहा भाग एवढंच ठेवलेलं आहे. गंधक काढताना डिझेलमधले वंगण देणारे नैसर्गिक घटकही निघून जातात, म्हणून रिफायनरीत वंगणासाठी वेगळं द्रव्य मोजून घालावं लागतं. (गंधक हेच वंगण असतं, असं अनेक मेकॅनिक आजही सांगतात, तसं नाही.) त्याची चाचणी मला फार आवडते: ६० अंश तापलेल्या डिझेलमध्ये पोलादी गोळी पोलादावर ठरावीक वेळ घासायची आणि गोळीवर पडलेला व्रण मोजायचा. तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा भरला तर डिझेल नापास. इतक्या काळजीने जमवलेल्या मिश्रणात आपण डब्यातून अंदाजाने रॉकेल ओततो, तेव्हा तो व्रण केवढा होईल हे कुणालाच सांगता येत नाही. वर रॉकेलमधलं गंधक या डिझेलच्या मानाने पुष्कळच जास्त, आणि ते जातं सायलेन्सरच्या बाजूच्या महागड्या कॅटॅलिस्टवर आणि काजळी पकडणाऱ्या फिल्टरवर.

माझ्या टेबलावर असे पंप येऊ लागले. आत ओरखडे, आणि घासलेल्या पोलादाची बारीक भुकटी रेलमध्ये, चारही इंजेक्टरमध्ये, रिटर्न लाइनमधून थेट टाकीत. अशा वेळी एक भाग बदलून चालत नाही, सगळी इंधनयंत्रणा उतरवावी लागते, आणि खर्च ऐकून गाडीमालक खुर्चीत बसतो. प्रत्येक पंपाला रॉकेलच कारण होतं असा माझा दावा नाही. पाण्यानेही असंच होतं. पण मालकांशी बोलताना काही वेळा डोंगरातला तो डबा निघायचा, आणि मग मी सल्ला द्यायचं थांबवलं.

तरीही माझ्या मताचा गाभा तसाच होता. रॉकेल गेलं, दुसरं कसब येईल, एवढंच मी म्हणत होतो. तो गाभा हलला लेहमध्ये.

तिथे माझ्याहून वयाने मोठे एक टॅक्सीवाले होते. सगळे त्यांना आचो म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. मीही तसंच म्हणू लागलो. त्यांची पहाटेची तयारी मी मन लावून पाहत असे. रात्री गाडी पूर्वेला तोंड करून भिंतीच्या आडोशाला लावायची, बोनेटवर जुनी जाड गोधडी टाकायची, बॅटरी काढून घरात बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, ठेवायची, आणि पहाटे पत्र्याच्या परातीत निखारे घेऊन ते इंजिनाच्या चेंबरखाली सरकवायचे. सगळ्या हालचाली शांत, मोजक्या. मी त्यांना म्हणालो, आचो, ही विद्या तुमच्या पोरांनी शिकून घेतली पाहिजे, नाहीतर नाहीशी होईल.

ते हिंदीत जे बोलले त्याचा मतलब असा: होऊ दे नाहीशी. तुम्ही दहा दिवस बघता म्हणून तुम्हाला ती विद्या वाटते. माझी सून अडली होती तेव्हा रात्री दोन वाजता मी याच परातीत फुंकर मारत होतो, आणि गाडी सुरू व्हायला पाऊण तास लागला. पोरांना हे शिकवायचं नाही मला. त्यांनी किल्ली फिरवावी आणि निघावं.

मी ज्याला कसब म्हणत होतो त्याच्याकडे ते घरातली अडचण म्हणून पाहत होते, आणि बरोबर तेच होते. ज्या माणसाला पर्याय नाही त्याची हिकमत पाहून मी तिचं कौतुक करत होतो, पण पर्याय का नाही हे विचारत नव्हतो. थंडी त्या जागी हजारो वर्षं आहे. डिझेल मात्र माणसाने बनवलेलं आहे, आणि ते कुठल्या तापमानाला साथ सोडेल हे ते बनवतानाच ठरतं.

हे ठरवता येतं, याचे पुरावे तर धंद्यातल्या माणसाला पाठ असायला हवेत. रिफायनरीत लांब साखळ्या कमी ठेवता येतात, किंवा त्या तोडून-वळवून त्यांचं मेणपण कमी करता येतं. शिवाय काही पॉलिमर अगदी थोड्या प्रमाणात घातले की स्फटिकांचा आकारच बदलतो: मोठ्या चपट्या पापुद्र्यांऐवजी बारीक सुया होतात आणि त्या फिल्टरवर बसूनही डिझेल मधून वाट काढत राहतं. या द्रव्याची अट एकच, डिझेल धुरकट होण्याआधी ते त्यात मिसळलेलं असलं पाहिजे. स्फटिक एकदा तयार झाले की हे द्रव्य त्यांचं काही करू शकत नाही. दुकानातून छोटी बाटली घेऊन ती खिशात बाळगणारे आणि गाडी बंद पडल्यावर टाकीत ओतणारे प्रवासी मी पाहिले आहेत. बाटली चांगली असते, वेळ टळलेली असते. गरम देशात, गरम डिझेलमध्ये, टाकीत किंवा टँकरमध्ये घातलेलं द्रव्यच पुढे थंडीत उपयोगी पडतं. मग ही जबाबदारी साहजिकच डोंगराच्या पायथ्याला, डेपोत आणि रिफायनरीत येते.

जर्मनीत हे असंच चालतं. १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथल्या पंपावरचं डिझेल उणे २० अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे, असा दंडक आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे उणे १० चे आठवडे, आणि उन्हाळ्यात शून्य. म्युनिक-स्टुटगार्टकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांना डिझेल जमतं हेच ठाऊक नसतं. त्यांनी काही शिकून घेतलेलं नाही, पंपाने त्यांच्यासाठी ते केलेलं आहे.

आपल्याकडेही सुरुवात झाली. लडाख केंद्रशासित प्रदेश झाल्यानंतर काही दिवसांतच, १७ नोव्हेंबर २०१९ रोजी, इंडियन ऑइलच्या हिवाळी डिझेलचा तिथला पहिला पंप गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते सुरू झाला. डिझेल पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. ती बातमी मी वाचली तेव्हा मला फार आनंद झाला होता असं म्हणणार नाही. तेव्हा माझं मत अजून जुन्याच जागी होतं. आचोंशी बोलणं झाल्यावर त्या बातमीचं मोल कळलं. सून अडल्यावर फुंकर मारत बसलेल्या माणसाची पाऊण तासाची अडचण कुणीतरी पानिपतमध्ये बसून सोडवायला घेतली होती.

इथे एक तक्रार आहे आणि ती मी पोटतिडकीने करतो. उणे ३३ हा वाहणं थांबण्याचा आकडा. फिल्टर त्याआधी तुंबतो, आणि गाडी फिल्टरवर अडते. पंपावरच्या फलकावर दरासोबत फिल्टरचा आकडा ठळक लिहिलेला असावा, हिंदीत, इंग्रजीत आणि स्थानिक लिपीत. मनाली, केलाँग, काझा, कारगिल, लेह, सगळीकडे. ड्रायव्हरला तेवढं कळलं की तो रात्रीचा हिशेब स्वतः करू शकतो. दुसरं असं की झोजीला खिंड बर्फाने बंद होण्याआधी लडाखचा इंधनसाठा वर पोचवावा लागतो. म्हणून जानेवारीत वापरायचं हिवाळी डिझेल शरद ऋतूतच टँकरमध्ये भरलं गेलं पाहिजे. कॅलेंडर पाहून नोव्हेंबरला सुरुवात करायची ही मैदानातली पद्धत तिथे उशिराची ठरते.

या सगळ्यात ड्रायव्हरला काहीच उरत नाही, असं मी म्हणत नाही. जम्मू किंवा पठाणकोटला टाकी गच्च भरून वर जायची सवय मोडावी लागेल, कारण टाकीत उरलेल्या साध्या डिझेलवर लेहला दहा लिटर हिवाळी डिझेल ओतून काही साधत नाही. टाकी कमी करत वर जावं, थंडीच्या पहिल्या मुक्कामाआधी हिवाळी डिझेल भरावं, आणि भरल्यावर गाडी थोडी पळवावी, म्हणजे नवं डिझेल लाइनमध्ये आणि फिल्टरपर्यंत पोचेल. ही शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात: टाकीत चांगलं, फिल्टरमध्ये जुनं. वॉटर सेपरेटरमधलं पाणी निघण्याआधी सोडून द्यावं. ते शून्यालाच गोठतं आणि दोष मेणावर येतो. बॅटरी जुनी असेल तर बदलावी, उणे १८ च्या आसपास तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. आणि टाकीखाली आग अजिबात नको. आताच्या बहुतेक मोटारींच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत. जमलंच, तर फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळावीत, नवा फिल्टर बरोबर ठेवावा, आणि नाहीतर उन्हाची वाट पाहावी. रात्रभर इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, काचा बंद करून असं करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एका बाबतीत माझं मत अजून अर्धवट बदललेलं आहे, तेही सांगतो. स्पितीतल्या आतल्या गावांमध्ये जुने, इनलाइन पंपाचे ट्रक आणि पाण्याचे पंप चालवणारी जुनी डिझेल इंजिनं अजून कामावर आहेत. हिवाळी डिझेल तिथवर दरवेळी पोचत नाही. तिथल्या माणसाचा फोन आला तर मी त्याला रॉकेल सांगतो: तीस टक्क्यांच्या वर जाऊ नका, संध्याकाळी इंजिन गरम असताना मिसळा, पहाटेसाठी ठेवू नका, आणि मिसळल्यावर दहा मिनिटं चालवा. फोन ठेवण्याआधी त्याला जवळच्या पंपाचं नाव विचारतो, आणि हिवाळी डिझेलची मागणी तिथे लेखी देऊन ठेवा, असं सांगतो.